आयत्या वेळचे साडू

आमच्या साडूंना आळशी म्हणणाऱ्यांनी साडू नीट पाहिलेलेच नाहीत. आळशी माणूस काम पुढे ढकलतो आणि विसरून जातो. साडू विसरत नाहीत. सुट्टी दोन महिन्यांवर असल्यापासून ते रोज रात्री जेवण झाल्यावर हॉटेलचा दर बघतात, मान हलवतात आणि फोन पालथा ठेवतात. खोली परवडत असते, हवी असते, रिकामीही असते. पण घ्यायची वेळ झालेली नसते. ती वेळ म्हणजे ज्या रात्री झोपायचं त्याच दिवशीची संध्याकाळ.

हे गृहस्थ बँकेत आहेत आणि तेही कर्ज विभागात, हे सांगूनही कोणाला खरं वाटत नाही. तिथे कोणी शेवटच्या दिवशी कागद घेऊन आला, तर "इतके दिवस काय झोपला होतात?" हा प्रश्न ते अगदी मनापासून विचारतात.

रेल्वेचं आरक्षण आधी करणारी माणसं साडूंना भित्री वाटतात. त्यांचा जीव तत्काळवर. आदल्या दिवशी सकाळी दहाला एसीचं तत्काळ उघडतं, अकराला स्लीपरचं. मधला तासभर साडूंचं तेज बघण्यासारखं असतं. दहाला हुकलं तरी चेहरा पडत नाही, कारण अकरा वाजायचे असतात. नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेने आगाऊ आरक्षणाची मुदत 120 दिवसांवरून 60 वर आणली, तेव्हा त्यांनी मला मुद्दाम फोन केला. "साडूभाऊ, सरकार हळूहळू माझ्याकडे सरकतंय."

साडूंकडे सिद्धान्त आहे, हीच खरी पंचाईत. नुसत्या सवयीशी भांडता येतं, सिद्धान्ताशी येत नाही. ते म्हणतात, रात्री आठला मंडईत जाऊन बघा. सकाळी नाक वर करून बसलेली मेथी आता दोन जुड्या दहाला असते, कारण उद्या तिला कोणी विचारणार नाही. हॉटेलची खोली म्हणजे मेथीच. आजची रात्र रिकामी गेली तर ती उद्या विकता येत नाही. मग पुरावा म्हणून 2011 साली अमेरिकेत निघालेलं हॉटेलटुनाइट नावाचं अ‍ॅप येतं. ते त्याच दिवशीच्या उरलेल्या खोल्या विकायचं आणि इतकं चाललं की 2019 मध्ये एअरबीएनबीने ते विकत घेतलं. एवढं सांगून ते आपल्याकडे असं बघतात, जणू त्या सौद्यात त्यांचेही चार पैसे होते.

गोष्ट अर्धी खरी आहे. उरलेली अर्धी अशी की मेथीवाल्यांनीही मधल्या काळात शिक्षण घेतलं. 1985 च्या सुमारास अमेरिकन एअरलाइन्सने एकाच विमानातल्या खुर्च्या आधी घेणाऱ्याला स्वस्त आणि उशिरा धावत येणाऱ्याला महाग विकायची पद्धत संगणकावर पक्की बसवली. पुढे मॅरियटसारख्या हॉटेलवाल्यांनी ती उचलली. घाईने येणाऱ्या माणसाला दुसरा इलाज नसतो, हे त्यांनी ओळखलं होतं. शहरात एका हॉटेलने नाही म्हटलं तर शेजारी दुसरं असतं. खोपोलीजवळच्या माळावर, अंधार पडल्यावर, मागच्या सीटवरून "आलं का, आलं का" विचारणारी पोरं घेऊन पोचलेला बाप कुठे जाणार? साडू अजून जुन्याच मंडईत उभे आहेत.

मे महिन्यातला दुसरा शनिवार, म्हणजे बँकेलाही सुट्टी. साडूंनी पोरांना खोपोलीजवळचं इमॅजिका पार्क दाखवायची घोषणा केली. शनिवारी रात्री पार्कला लागून असलेल्या हॉटेलात मुक्काम आणि रविवारी दिवसभर पार्क. माझ्या बायकोने विचारलं, "भाऊजी, रूम घेतलीत का?"

"मेव्हणीबाई, 287 खोल्या आहेत तिथे. एकही रिकामी राहणार नाही?"

हे ऐकताच ताई, म्हणजे साडूंची बायको, उठून आत गेल्या आणि माळ्यावरून एक मोठी पिशवी काढून आल्या. तीत चार चादरी, हवेने फुगवायच्या उशा, कासवछाप, काडेपेटी, दोरी आणि दोरीला लावायचे चिमटे होते. पिशवी भरलेलीच असते. त्यांनी फक्त कासवछापचा पुडा हलवून बघितला, सादळलाय का म्हणून.

ठाण्याहून निघताना गाडी ताईंनी घेतली. साडू शेजारच्या सीटवर फोन घेऊन बसले. पनवेलपर्यंत दर स्थिर होता आणि साडू प्रसन्न होते. त्यांचं लक्ष होतं साडेसात हजारांवर. खोलीचं भाडं 7,500 रुपयांच्या वर गेलं की जीएसटी थेट 18 टक्के, आत राहिलं तर बराच कमी. "वरचे शंभर रुपये आपल्याला हजाराला पडतात," ते म्हणाले. हिशेब बरोबर होता. साडूंचे हिशेब कायम बरोबर असतात, मुक्काम चुकतो.

एक्सप्रेस वेला लागल्यावर दर चढला. "आपला फोन ओळखतात हो," म्हणत साडूंनी पोराचा फोन घेतला, मग माझा, मग माझ्या बायकोचा. चारही फोनवर तीच खोली उघडी. तेवढ्यात पडद्यावर तांबड्या अक्षरांत आलं की ही खोली सध्या सहा जण बघत आहेत. साडू दचकले. "त्यातले चार आपणच आहोत," असं मी म्हटलं. "मग राहिले दोन," ते दात आवळून म्हणाले. "बघूच कोण आधी डोळा हलवतो." डोळा कोणी हलवला कळलं नाही, पण खालापूर टोलनाक्यापाशी खोली गेली.

साडू खचले नाहीत. त्यांनी थेट रिसेप्शनला फोन लावला. खोली नाही म्हटल्यावर दहा मिनिटं थांबून पुन्हा लावला. या वेळी आवाज जाड करून, पुण्याचे कोणी बडे गृहस्थ म्हणून. पलीकडची मुलगी फार गोड बोलली. "सर, मघाशी तुम्ही ठाण्याहून बोलत होतात ना? अजूनही फुल आहे सर."

मग सहाचा मुद्दा निघाला. आगाऊ पैसे न भरलेलं बुकिंग हॉटेलवाले संध्याकाळी सहापर्यंत धरून ठेवत आणि मग सोडून देत, अशी जुनी पद्धत होती खरी. ती फोनवर तोंडी खोली ठेवून घ्यायच्या काळातली. आता लोक दोन महिने आधी पैसे भरून मोकळे होतात आणि पैसे भरलेला माणूस ताप अंगात घेऊनसुद्धा येतो. पण साडूंनी सहापर्यंत थांबायचं ठरवलं होतं. आम्ही सहापर्यंत पार्कच्या बाहेर थांबलो. पोरं काचेला नाक लावून नायट्रो बघत होती. लाल रूळ, उलटी होणारी गाडी, तिच्यातून येणाऱ्या किंकाळ्या. साडूंना किंकाळ्या ऐकू येत नव्हत्या. ते पडदा खाली ओढून सोडत होते. तो गोल फिरणारा बाण बघताना माणसाच्या चेहऱ्यावर जी श्रद्धा दिसते, ती मी देवळातसुद्धा कमीच पाहिली आहे.

देवळावरून आठवलं, पुढचा निर्णय ताईंचाच. साडेसहाला त्यांनी कोणाला न विचारता गाडी पालीच्या रस्त्याला लावली. रस्ता तोच, फक्त पुढे जायचं. अष्टविनायकांतला बल्लाळेश्वर, देवस्थानचं भक्तनिवास. खिडकीतल्या माणसाने रजिस्टर फिरवून विचारलं, "किती जण?" आणि चावी दिली. फोन नाही, बाण नाही, सहा जण बघत नाहीत. भाडं शेकड्यांत होतं. मला वाटलं, आता तरी साडू ओशाळतील. ते पावती उलटसुलट करून बघत होते.

"जीएसटी शून्य!" ते म्हणाले. "साडूभाऊ, काय सांगत होतो मी?"

चादरी पसरल्या, उशा फुगल्या, कासवछाप पेटली. दोरी या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत गेली. रात्री उशिरापर्यंत साडू सगळ्यांना समजावत होते की हा बेत त्यांच्या मनात पहिल्यापासून होता. सकाळी दर्शन झालं आणि "पार्क काही पळून जात नाही," म्हणत ते पोरांना जवळच्या उन्हेऱ्याच्या गरम पाण्याच्या कुंडांवर घेऊन गेले. मे महिन्यात. "वॉटरपार्क!" असं त्यांनी जाहीर केलं. धाकट्याने एक बोट बुडवलं आणि बापाकडे असं पाहिलं, की पुढचे काही तास साडूंनी कुठलाच सिद्धान्त मांडला नाही. ताईंनी तेवढ्यात पोह्याचे पापड आणि मिरगुंडं घेऊन डिकीत ठेवली.

पार्कात पोचायला दुपार झाली, आणि इथे मात्र साडूंना मानलं पाहिजे. भर उन्हात नायट्रोच्या रांगेत त्यांनी कोणाला उभं राहू दिलं नाही. "शेवटी जायचं," हा एकच हेका. पोरं रडकुंडीला आली. पण परेड बघायला गर्दी रस्त्याच्या कडेला जमली, तशी रांग साफ ओस पडली, आणि आमची पोरं लागोपाठ दोनदा नायट्रोत बसून आली. उतरल्यावर तिघांचे केस उभे आणि आवाज बसलेले. साडू लांबून बघत होते. एका वाक्याने तरी त्यांनी ते मिरवायला हवं होतं. पण ते गप्प होते, कारण त्यांच्या हातात फोन होता.

पार्किंगमध्ये सगळे गाडीत बसले. सोमवारी साडूंची बँक, माझं ऑफिस. ताईंनी आरसा नीट केला आणि गाडी सुरू केली. तेवढ्यात शेजारच्या सीटवरून आरोळी आली.

"पडला! पडला हो साडूभाऊ, साडेसात हजारांच्या आत! ब्रेकफास्टसकट!"

पडणारच. रविवारची रात्र. ज्यांना उद्या कामावर जायचं ते सगळे घरी निघाले होते, तसे आम्हीही.

"अहो, पण आपण निघालोय," ताई म्हणाल्या.

"घेतली!" साडू म्हणाले. बोट अजून पडद्यावरच होतं. मग चष्मा वर करून त्यांनी खालची बारीक अक्षरं वाचली. "नॉन-रिफंडेबल आहे वाटतं."

ताईंनी हँडब्रेक ओढला, हात लांब करून त्यांच्या बाजूचं दार उघडलं आणि म्हणाल्या, "उतरा. उशी डिकीत आहे, पापडांच्या खाली."