उठणाऱ्याला दक्षिणा, बसणाऱ्याला टक्केवारी

कंपनीने बायबॅक जाहीर केला की ब्रोकर मंडळींच्या टिपणांत एक आकडा मिरवायला लागतो. त्याचे नाव बायबॅक यील्ड. कृती अगदी सोपी आहे. स्वतःचेच समभाग परत घ्यायला कंपनीने वर्षभरात जेवढे पैसे मोजले, त्यांना तिच्या एकूण बाजारमूल्याने भागायचे, आलेले टक्के लाभांशाच्या टक्क्यांत मिसळायचे आणि भागधारकाला सांगायचे, हा घ्या तुमचा परतावा. इन्फोसिसचेच बघा. ११ सप्टेंबर २०२५ रोजी संचालक मंडळाने १८,००० कोटी रुपयांचा बायबॅक मंजूर केला. १० कोटी समभाग, प्रत्येकी १,८०० रुपये. त्या दिवशी बाजारातला भाव १,५१० च्या आसपास होता, म्हणजे अख्ख्या कंपनीचे मोल सव्वासहा लाख कोटींच्या घरात. भागाकार केला की यील्ड निघते २.९ टक्क्यांच्या जवळपास. एकूण समभागांतून कमी व्हायचे होते मात्र २.४१ टक्केच. मग मधला अर्धा टक्का कुणाचा?

तो उठून जाणाऱ्यांचा. १,५१० ची वस्तू कंपनी १,८०० ला घेते तेव्हा वरचे २९० रुपये विकणाऱ्याच्या खात्यात पडतात, आणि ते येतात राहणाऱ्याच्याही मालकीच्या तिजोरीतून. राहणाऱ्याच्या पदरात पडते ते एवढेच, की समभाग २.४१ टक्क्यांनी घटले म्हणून उरलेल्या कंपनीत त्याचा वाटा जरासा फुगला. पंगतीतून उठणाऱ्याला यजमानाने दक्षिणा द्यावी आणि बसलेल्यांना सांगावे, आता जिलबी तुम्हालाच जास्त येणार; दक्षिणेचे पैसे जिलबीच्याच वर्गणीतले होते, हे मात्र सांगू नये, तशातली गत. आणि खरी गंमत पुढेच आहे. हेच १० कोटी समभाग कंपनीने २,५०० रुपयांना घेतले असते, तर खर्च झाला असता २५,००० कोटी आणि यील्ड चढले असते ४ टक्क्यांवर. समभाग तेवढेच कमी झाले असते, तिजोरी जास्त रिकामी झाली असती, आणि टिपणातल्या तक्त्यात कंपनी जास्त उदार ठरली असती. उधळपट्टीला गुण देणारी अशी परीक्षा शोधून सापडायची नाही. शिवाय भागाकारात खाली बाजारमूल्य आहे. भाव निम्म्यावर कोसळला की खर्च न बदलताही यील्ड दुप्पट. भागधारकाचे दिवाळे आणि त्याचा परतावा हातात हात घालून वाढतात.

यावर अर्थशास्त्राचे जाणकार म्हणतील की बायबॅक आणि लाभांश शेवटी एकच, कारण पैसा भागधारकांकडेच जातो. म्हणणे खरे आहे, पण खरेदीचा भाव वाजवी असेल तरच. लाभांशाचा रुपया भाव काहीही असो, प्रत्येक समभागामागे सारखाच पोचतो. बायबॅकमध्ये सगळा खेळ भावाचा. टीसीएसने २०१७ मध्ये १६,००० कोटी रुपये घालून २,८५० च्या भावाने ५ कोटी ६१ लाख समभाग घेतले. पुढच्याच वर्षी एकास एक बोनस आला, म्हणजे आजच्या हिशेबात भाव १,४२५ आणि समभाग सव्वाअकरा कोटींच्या आसपास. २०२३ मध्ये तिनेच १७,००० कोटी मोजले आणि ४,१५० च्या भावाने हाती लागले जेमतेम ४ कोटी ९ लाख. २०२५ च्या शरदात तोच समभाग बाजारात तीन हजारांच्या आसपास मिळत होता. पहिल्या खेपेला राहणाऱ्यांचे भले झाले, दुसऱ्या खेपेला जाणाऱ्यांचे. यील्डच्या लेखी दोन्ही खेपा सत्कर्माच्याच.

दुसरा आक्षेप: मग छोट्या भागधारकाने द्यावेत की समभाग, त्याच्यासाठी १५ टक्के राखीव असतात! इन्फोसिसमध्ये दोन लाखांपर्यंतचे समभाग बाळगणाऱ्याला ११ मागे २ देण्याचा हक्क होता. दिले, असे धरू. हातात ३,६०० रुपये आले. पण १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमाने ही पूर्ण रक्कम लाभांश समजून करपात्र होती. दोन समभाग ३,००० ला घेतलेले असोत, खरा नफा ६०० असो, ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाने कर भरायचा १,०८० रुपये, उपकर वेगळा. उरले २,५२०. मूळचे ३,००० भांडवली तोटा म्हणून वहीत मांडायचे आणि आठ वर्षे त्याला जोडीदार नफा शोधत हिंडायचे. ज्याच्याकडे तसा नफाच नाही, त्याला बाजारात १,५१० ने विकणे परवडले असते. तक्त्यातले यील्ड अर्थातच करापूर्वीचे.

नव्याने वाटलेले समभाग तर या आकड्याला दिसतच नाहीत. एका हाताने बायबॅक आणि दुसऱ्या हाताने कर्मचाऱ्यांना ईसॉपमधून नवे समभाग, असा कारभार असला तर वजाबाकी करूनच बोलायला हवे. पेटीएमने नोव्हेंबर २०२१ मध्ये २,१५० रुपयांना समभाग विकले आणि डिसेंबर २०२२ मध्ये ८१० पर्यंतच्या भावाने ८५० कोटींचा बायबॅक जाहीर केला. कंपनी तेव्हा तोट्यात होती. यील्डच्या भाषेत तीही परतावा देणारीच. वर्षाच्या सुरुवातीला समभाग किती होते, अखेरीस किती उरले आणि सरासरी भाव काय पडला, हे तीन आकडे शेजारी शेजारी छापले तर यील्डवाचून कुणाचे अडणार नाही. पण मग टिपणाला मथळा कुठून आणायचा?

इन्फोसिसच्या प्रवर्तकांनी आधीच कळवून टाकले की आम्ही एकही समभाग देणार नाही. त्यांच्याकडे कंपनीचा १३ टक्क्यांच्या आसपास हिस्सा. १,८०० चा भाव समोर असताना त्यांनी बसून राहणे पसंत केले आणि १८,००० कोटींतला रुपयाही घेतला नाही. तक्त्यात मात्र त्यांचाही परतावा २.९ टक्केच लागलेला आहे.