चार्जिंगवाले दाजी

नांदेड-लातूर पट्ट्यात लग्नसराईसाठी भाड्याने ठरवलेल्या क्रूझरमध्ये ड्रायव्हरशेजारची जागा ज्यांच्याकडे जाते ते दाजी, म्हणजे बहिणीचे यजमान. पूर्वी हा मान निव्वळ नात्याचा होता, अलीकडे मात्र दाजींनी त्याला कर्तव्याची जोड दिली असून ‘मॅप बघायला कुणीतरी पुढं पाहिजे’ एवढ्या एका वाक्यावर ते प्रत्यक्ष सासऱ्यांनाही मागच्या बाकावर धाडतात. वास्तविक लोहा, माळेगाव, अहमदपूर, चाकूर असा जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ ड्रायव्हरला तोंडपाठ असतो, आणि मॅपमधली बाई एकदा ‘सरळ जा’ म्हणून जी गप्प होते ती कित्येक किलोमीटर तोंड उघडत नाही.

दाजींच्या सत्तेचे मूळ नकाशात नसून डॅशबोर्डवरच्या एकुलत्या एका सॉकेटात आहे. सिगारेट पेटवण्याच्या सोयीसाठी मोटारीत आलेल्या या १२ व्होल्टच्या भोकात अडॅप्टर खुपसला की तो मोबाइलला झेपणारे ५ व्होल्ट पुढे पाठवतो. या सॉकेटच्या सातबाऱ्यावर दाजींचे एकट्याचे नाव असल्याने ‘दाजी, माझाबी लावा की जरा, सात टक्क्यावर आलाय’ या मेव्हणीच्या विनवणीला ‘आन् मॅप बंद पडला तर?’ हे उत्तर ठरलेले असते.

दैवदुर्विलास असा, की चार्जिंगला लावूनही दाजींचा मोबाइल उतरतच जातो. स्वस्त अडॅप्टर बहुधा अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॉटच देतो, तर उन्हात दिसावा म्हणून पूर्ण उजळलेला पडदा आणि अखंड चाललेले जीपीएस मिळून तेवढी वीज सहज खाऊन टाकतात; त्यात मे महिन्याच्या उन्हात काचेखाली ठेवलेला मोबाइल इतका तापतो, की लिथियम-आयन बॅटरीला साधारण ४५ अंशांपुढे चार्जिंग अपायकारक असल्यामुळे तो स्वतःच चार्जिंग थांबवतो. दाजी यावर वायर हलवून पाहणे, पिन फुंकणे आणि शेवटी दस्ती ओली करून मोबाइलभोवती गुंडाळणे असे चढत्या क्रमाचे उपचार करतात. अहमदपूरला चहासाठी गाडी थांबली, की चावी काढताच सॉकेटही मरते म्हणून ‘मामा, चावी राहू द्या’ अशी आज्ञा सुटते, आणि ड्रायव्हर ती चावी खिशात घालून उतरतो.

घरूनच नकाशा उतरवून घ्यावा, पडदा विझवावा आणि नुसत्या आवाजावर चालावे, हा साधा उपाय दाजींना ठाऊक नसतो असे नाही. जीपीएस उपग्रहांकडून केवळ संदेश घेते, त्याला नेटची गरज नसते, हेही ते इतरांना आवर्जून समजावून सांगतात. परंतु विझलेला पडदा मांडीवर घेऊन बसलेला मनुष्य आणि साधा प्रवासी यांत मागच्या बाकांना फरक दिसत नाही, ही अडचण त्यांनी बरोबर ओळखलेली असते.

नकाशाची खरी गरज लातुरात, देवीच्या मंदिराभोवती १६ रस्ते फुटणाऱ्या गंजगोलाईत पडते, आणि नेमका तेथेच मोबाइल मान टाकतो. ड्रायव्हर पानटपरीवाल्याला विचारून गाडी मंगल कार्यालयाच्या दारात उभी करतो. दाजी व्याह्यांशी रामराम करण्याआधी मंडपवाल्याचा बोर्ड गाठतात, आणि ‘दोनच मिनटं’ म्हणत वरबापाच्या पाठीमागच्या कूलरची पिन काढतात.