वाटेवरकर

नेरुळच्या आमच्या सोसायटीत काकांचं खरं आडनाव आता फक्त मेंटेनन्सच्या बिलावर उरलं आहे. बाकी सगळे त्यांना 'वाटेवरकर' म्हणतात. कुठल्याही ठिकाणाचं नाव काढा, ते कुठल्याही दिशेला असो, काकांचं उत्तर ठरलेलं : "अहो, ते तर वाटेवरच आहे!" निवृत्त, हौशी आणि फंडाचे पैसे हातात आलेले असे वाटेवरकर नवी मुंबईत सेक्टरगणिक एक तरी सापडतात. आमचे काका त्यातले मानाचे.

या स्वभावाचं मूळ हार्बर लाइनीत आहे, असं माझं ठाम मत आहे. 1992 साली लोकल वाशीला आली आणि काका तिला चिकटले ते निवृत्तीलाच सुटले. मध्य आणि पश्चिम रेल्वेच्या लोकांना फास्ट गाडीची सवय असते. ते मधली स्टेशनं गाळतात आणि त्याचं त्यांना काही वाटत नाही. हार्बरच्या माणसाला एकेक स्टेशन घेत जायचं वळण लागलेलं असतं. काकांनी तेच वळण रस्त्यावर आणलं, एवढंच.

2021 साली राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. काकांनी ते कात्रण फ्रिजवर लावलं आणि पुढे गाडीमागे जोडायची चाकांवरची एक खोली घेऊन आले. आत ओटा, गॅस, दुमडता पलंग आणि पडदे. पार्किंगवरून सोसायटीची खास बैठक झाली. "ही गाडी धरायची की फ्लॅट?" असा प्रश्न चिटणीसांनी विचारला. मेंटेनन्स कोणत्या दराने लावायचा, यावर ती बैठक अजून तहकूबच आहे.

अशा थाटात काका-काकू रत्नागिरीला मेहुण्यांच्या वास्तुशांतीला निघाले. अंतर सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. पहाटे पाचला निघून नऊ वाजता ते कुठे होते? नेरुळलाच. खाडीकाठच्या तळ्यात फ्लेमिंगो उतरले होते आणि ते, अर्थातच, वाटेवर होते.

कळंबोलीला जेएनपीटी बंदराच्या कंटेनर ट्रेलरांच्या रांगेत काका असे अडकले, की पुढेमागे चाळीस फुटी लोखंडी पेट्या आणि मध्ये फुलाफुलांच्या पडद्यांची ही खोली. शेजारच्या ड्रायव्हरने खाली वाकून विचारलं, "साहेब, माल काय?" काका म्हणाले, "संसार!" तो इतका खूश झाला, की त्याने हात दाखवून मागचा सगळा ताफा थांबवला आणि काकांना वाट करून दिली.

पळस्पे फाट्यावर वडा झाला. शिरढोणला वासुदेव बळवंत फडक्यांचं जन्मस्थान झालं. काका गतिरोधकावरून पुढची गाडी अगदी नवरीसारखी नेतात आणि मागे आपलंच काही यायचं आहे, हे विसरून लगेच वेग घेतात. त्यामुळे कर्नाळ्याला दार उघडलं तेव्हा पोहे, मेतकूट आणि काकांचा पांढरा लेंगा यांचा एकजीव झाला होता. काकू म्हणाल्या, "अहो, हे खायचं की घालायचं, तेवढं सांगा."

पेणहून आत गागोदे. विनोबांचं जन्मगाव बघायलाच हवं. तिथे गाडी उभी राहताच एक आजी पिशवी घेऊन आत शिरल्या, पलंगावर टेकल्या आणि म्हणाल्या, "डावा डोळा आधी बघा." गावात डोळे तपासायची गाडी येणार होती म्हणे. आता आजींना परत कसं पाठवायचं? काकूंनी त्यांना चहा दिला, आपला चष्मा लावून बघायला दिला, आणि त्यांना तो बसला! काकू पुढचा सगळा प्रवास पाट्या काकांना वाचायला लावत होत्या आणि काका त्यांत नसलेली ठिकाणं वाचत होते.

पालीला बल्लाळेश्वराचं दर्शन घेऊन काका एका आळीत घुसले. पुढे रस्ता संपला. मागे खोली जोडलेली असली, की रिव्हर्सला ती डावीकडे न्यायची तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवावं लागतं. काकांना हे माहीत होतं, मदतीला आलेल्या आळीला नव्हतं. "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत आळीने त्यांना थेट एका तुळशीवृंदावनापर्यंत आणलं. शेवटी खोली सोडवून सहा जणांनी हाताने ढकलत बाहेर काढली. काकूंनी प्रत्येकाला लाडू दिला. सातवा माणूस नुसता बघत होता, त्यालाही दिला.

मुंबई-गोवा महामार्ग काकांना प्राणप्रिय आहे. 2011 पासून रुंदीकरण रेंगाळलेल्या या रस्त्यावर गाडी आडवाटेला घालायची पाटी सरकारच लावतं. ती दिसली, की काका काकूंकडे विजयी मुद्रेने बघतात.

महाडपाशी मात्र काका दमले. वास्तुशांत आदल्याच दिवशी उरकल्याचा फोन येऊन गेला होता. पडेल आवाजात म्हणाले, "अगं, आता सरळच जाऊ या." काकू शाळेत इतिहास शिकवायच्या. वाटभर "पुरे झालं" म्हणत आलेली ही बाई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तीस वर्षं फळ्यावर 20 मार्च 1927 लिहिलं. चवदार तळं अजून डोळ्यांनी पाहिलेलं नाही. घ्या आत." काकांनी तोंड उघडायच्या आधीच पुढचं वाक्यही त्यांनीच म्हटलं, "वाटेवरच तर आहे!"

तेव्हा नातेवाइकांना एकच विनंती : वाटेवरकरांना मुहूर्त कळवताना चार दिवस अलीकडचा कळवा. आणि बाकीच्यांनी, कधी त्यांनी गाडीत बसायचा आग्रह केला तर रजा दुप्पट टाकून खुशाल बसा. रत्नागिरी दिसेल याची हमी नाही, पण रायगड जिल्हा तोंडपाठ होईल.