वॉलँडर, मी आणि लेंग्याची नाडी

आपल्याला मधुमेह आहे याचा आनंद झालेला माणूस तुम्ही पाहिला नसेल. मला झाला होता. निदान झालं तेव्हा नव्हे, तर पुढे हेनिंग मांकेलची ‘वन स्टेप बिहाइंड’ वाचताना. 1997 सालच्या या कादंबरीत स्वीडनमधल्या इस्टाड गावचा पोलीस अधिकारी कुर्ट वॉलँडर सदान्‌कदा दमलेला असतो, घसा कोरडा पडतो, घटकेघटकेला लघवीला धावतो. तिकडे खुनी मोकाट आणि इकडे नायक बाथरूमच्या शोधात! शेवटी डॉक्टर सांगतात, साखर वाढली आहे. मी पुस्तक मिटून बायकोला म्हणालो, “अगं, याला पण!” ती म्हणाली, “त्याला पगार चालू आहे.”

आमची पिढी बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडवर पोसलेली. ती मंडळी कधी उपाशीपोटी रक्त द्यायला लॅबच्या रांगेत उभी राहिली नाहीत. होम्सची व्यसनंसुद्धा खानदानी. वॉलँडरचं तसं नाही. बायको मोना सोडून गेलेली, मुलगी लिंडा तिच्या मनात येईल तेव्हा फोन करणार, आणि म्हातारा बाप आयुष्यभर एकच निसर्गचित्र रंगवत बसलेला. फरक इतकाच की कुठल्या चित्रात रानकोंबडा असतो, कुठल्यात नसतो. तरुणपणी वॉलँडर मित्राच्या गाण्यावर भाळून त्याचा मॅनेजर होणार होता. मित्र घोड्यांचा तबेला चालवतो, हा एकटा ऑपेरा ऐकतो. 1991 च्या पहिल्याच पुस्तकात पठ्ठ्या दारू पिऊन गाडी चालवताना आपल्याच हाताखालच्या पोलिसांना सापडतो. आणि इमारतीच्या सामाईक धुलाईखोलीत आपली पाळी आहे हे तो हमखास विसरतो.

हे शेवटचं वाचून मला हा माणूस फारच जवळचा वाटला होता. पुढे मुलीला स्वीडनमधल्या मालमो शहरात नोकरी लागली आणि आम्ही उभयता तिकडे गेलो, तेव्हा ती जवळीक अंगाशी आली.

वॉलँडर पोलिसात लागला तो मालमोतच. तिथून इस्टाड रेल्वेने तासाभराच्या आत. आम्ही जाऊन आलो. मारियागाटन नावाच्या साध्यासुध्या रस्त्यावर त्याचं घर. त्या दारासमोर मी फोटो काढून घेतला. “जो माणूस जन्मालाच आला नाही त्याच्या दारात उभं राहायला एवढं तिकीट?” हा बायकोचा प्रश्न मी ऐकला नाही.

मुलीने माझ्यावर एकच काम सोपवलं होतं, कपडे धुणं. तिथे इमारतीच्या तळघरात सगळ्यांची मिळून एक धुलाईखोली असते. भिंतीवर तारखा आणि वेळांचा फळा, त्यात भोकं. प्रत्येक घराला बोटाएवढं एक कुलूप, त्यावर फ्लॅटचा नंबर. हव्या त्या वेळेच्या भोकात कुलूप अडकवलं की ती वेळ आपली. वेळ संपायच्या आत कपडे काढायचे, ड्रायरच्या जाळीवर साचलेला तंतूंचा थर सोलून टाकायचा, फरशी पुसायची आणि निघायचं. यात कसूर झाली तर कोणी भांडत नाही, चिठ्ठी लिहितं. धुलाईखोलीतली रागीट चिठ्ठी हा त्या देशाचा स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे.

मी कपडे मशीनमध्ये टाकले, वर आलो आणि एक प्रकरण वाचू म्हणून बसलो. दुसऱ्यांदा खाली गेलो तेव्हा आपली वेळ केव्हाच उलटून गेली होती. ओले कपडे टबात काढून ठेवलेले, वर स्वीडिश चिठ्ठी, तीन उद्गारचिन्हांसकट. मी पंचनामा केला. लेंगा होता. लेंग्याची नाडी नव्हती.

मुलीला फोन करून चिठ्ठीचा अर्थ विचारणं सहज शक्य होतं. मोबाईलवरही भाषांतर झालं असतं. पण मार्टिन बेककडे कुठे मोबाईल होता?

बेक हा वॉलँडरचा साहित्यातला थोरला भाऊ. माय शोवाल आणि पेर वालू या जोडप्याने 1965 ते 1975 या काळात त्याच्यावर दहा कादंबऱ्या लिहिल्या, त्याही रात्री पोरं झोपल्यावर, एक प्रकरण तिचं, एक त्याचं. दोघंही डावे. आपल्या देशाच्या गुळगुळीत कल्याणकारी पापुद्र्याखाली काय चाललंय ते दाखवायचं म्हणून त्यांनी हा पोलीस उभा केला. त्याचं पोट कायम बिघडलेलं, सर्दी हटत नाही, आणि घरात बायकोशी बोलायला नको म्हणून तो जहाजांची मॉडेलं जोडत बसतो. पहिल्या ‘रोझॅना’त कालव्याचा गाळ उपसताना एका तरुणीचं प्रेत सापडतं. ती कोण एवढं कळायलाच कितीतरी आठवडे जातात. मग ती ज्या बोटीवर होती तिच्यावरच्या प्रवाशांनी हौसेने काढलेले फोटो जगभरातून मागवायचे आणि एकेक चेहरा तपासायचा. जुलैत सापडलेल्या प्रेताचा छडा लागेपर्यंत नवं वर्ष उजाडतं. बेक स्वतःला बजावतो की आपल्याकडे पोलिसाला लागणारे तीन गुण आहेत. आपण चिवट आहोत, तर्काने चालतो आणि डोकं थंड ठेवतो.

हे तीन गुण मी वाचले होते, पण मनात ठसली ती पोटाची तक्रार. वाचक म्हणून आपली हीच लबाडी असते. त्यांची दुखणी आपल्याकडे आधीपासून असतात, म्हणून बाकीचंही असणार असं आपण धरून चालतो.

तपास सुरू केला. जिन्यात उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याची जबानी घ्यायची असा बेत होता. पण जिन्यात कोणी दिसलं तर ते जाईपर्यंत दाराच्या भिंगातून बघत आतच थांबायचं, ही सभ्यता त्या देशात पाळतात म्हणे. मी उभा राहिलो आणि अख्खी इमारत घरात कोंडली गेली. शेवटी तळमजल्यावरचे एक आजोबा बाहेर पडले, तेही त्यांच्या कुत्र्याला थांबणं शक्य नव्हतं म्हणून. कुत्र्याचा पट्टा पांढरा होता. मला आणखी पुरावा नको होता.

म्हातारा पुढे, मागे अंतर राखून कोटाची कॉलर वर केलेला मी, अशी वरात म्योलेवांगच्या भाजीबाजारात पोचली. तिथे सीरिया-इराककडच्या लोकांची दुकानं आहेत, कोथिंबिरीची जुडी आपल्यासारखीच भरघोस मिळते. आजोबा थांबले की मी वांगी चाचपायचो. वॉलँडरच्या पहिल्या पुस्तकात एका वृद्ध शेतकरी जोडप्याचा खून होतो आणि मरता मरता बाई परदेशी माणसाबद्दल काही बोलते. तेवढ्यावर निर्वासितांच्या छावणीला आग लावण्यापर्यंत गोष्टी जातात. इथे मी परदेशी माणूस एका स्थानिक म्हाताऱ्यावर नाडीचोरीचा आळ घेत हिंडत होतो. मांकेलला हे सुचलं नसतं.

एका वळणावर आजोबा थांबले आणि सरळ माझ्याकडे आले. माझ्या पायांत घरातल्या सपाता होत्या, हे मला त्यांच्या नजरेवरून कळलं. त्यांनी अतिशय हळू, स्वच्छ इंग्रजीत विचारलं, “तुम्हाला घर सापडत नाहीये का?” मी काहीतरी पुटपुटलो. त्यांनी माझा दंड धरला, दुसऱ्या हातात कुत्रा धरला आणि आम्हा दोघांना सारख्याच मायेने परत आणलं. मुलीने दार उघडलं. आजोबा तिला बाजूला घेऊन म्हणाले की त्यांच्या भावाचंही असंच सुरू झालं होतं, वेळेवर डॉक्टरांना दाखवा. 2009 च्या शेवटच्या पुस्तकात वॉलँडरची स्मृती जाऊ लागते. तिथवरचा प्रवास मी एका दुपारात केला होता.

मग मुलीने चिठ्ठी वाचली. एक पांढरी दोरी मशीनच्या पंपात अडकली आहे, मशीन बंद पडलं आहे, दुरुस्तीवाल्याला कळवलं आहे. आणि ड्रायरची जाळी साफ करणं हे कुठल्याही वयाच्या माणसाला जमण्याजोगं काम आहे. खाली सही नव्हती, नुसता फ्लॅटचा नंबर होता. आजोबांचाच.

“बाबा, सॉरी म्हणून या,” मुलगी म्हणाली. बायकोने बेसनाचे लाडू दिले. आजोबांनी ते घेतले, कॉफी पाजली, आणि पुन्हा एकदा हळू, स्वच्छ इंग्रजीत मला माझा मजला सांगितला.

तेव्हा मुलांकडे स्वीडनला निघालेल्या ज्येष्ठांना एवढीच विनंती: सुरुवात वॉलँडरपासून करू नका, ‘रोझॅना’पासून करा. आणि लेंगा मशीनमध्ये टाकण्याआधी नाडी काढून ठेवा.