चीफ जेस्ट

इंग्रजी स्पेलिंग सुधारायची खाज माझ्याआधी थेट अमेरिकेच्या अध्यक्षाला सुटली होती, हे वाचल्यावर माझी कॉलर ताठ झाली. 1906 साली थिओडोर रूझवेल्टनी सरकारी छापखान्याला हुकूम सोडला: तीनशे शब्द सोप्या स्पेलिंगनेच छापायचे. 'थ्रू' म्हणजे टी-एच-आर-यू, शेपटीचे जी-एच गेले उडत! सोप्या स्पेलिंगच्या या चळवळीला पैसा उद्योगपती कार्नेगीचा. तिथल्या काँग्रेसने वर्षाच्या आत हा बेत हाणून पाडला, याकडे मी कानाडोळा केला. आपण नाही का, मराठी शुद्धलेखनाच्या 1962 च्या नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार पुसून टाकले? कुणाचं काय अडलं?

पोलादपूरला भाच्याच्या मंडळाची रात्रीची क्रिकेट स्पर्धा होती. मुंबईकर संघ येणार म्हणून फ्लेक्स इंग्रजीत. "मामा, मजकूर तू बघ," म्हणाला. मी महाडात बसून पाहिलाच. 'नाइट' केलं एन-आय-टी-ई. 'गेस्ट'मधला यू तर नुसता आयतोबा; काढला.

"अक्षरं घटली, पैसे कमी कर," मी फ्लेक्सवाल्याला म्हटलं.

"काका, भाव चौरस फुटावर असतो."

प्रमुख पाहुणे होते आमचे इंग्रजीचे निवृत्त सर. 'वेड्-नेस्-डे' असं घोकून घेत ज्यांनी आमच्या हातांवर छड्या मोडल्या, तेच. कमानीखाली थांबले, चष्मा पुसला आणि अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असं वाचलं, "चीफ जेस्ट!"

"काय रे, पाहुणा म्हणून बोलावलंस की विनोद म्हणून?"

"सर, उच्चाराप्रमाणे लिहिलंय…"

"जी-ई-टी?"

"गेट."

"जी-ई-एम?"

"जेम."

"मग तुझा जी कुठल्या बाजूचा? त्याने 'ज' होऊ नये म्हणून यूला तिथे राखणीला बसवलंय, गाढवा." पोरं खिदळायला लागली. सरांना चेव आला. "महाडचं स्पेलिंग सांग."

"एम-ए-एच-ए-डी."

"एक तरी अक्षर मुकं आहे? तरी रायगड बघायला आलेले लोक एसटीत 'महद आलं का' विचारतात!"

यावर मला उत्तर सुचलं, पण ते रात्री घरी, अंथरुणात.

पुढल्या वर्षी फ्लेक्स मराठीत करायचं ठरलंय. मजकूर सर तपासणार. माझ्याकडे टेनिस बॉल आणायचं काम आलंय.