अँटिबॉडीचं सोवळं

आमच्या लॅबमधल्या उणे वीसच्या फ्रीझरात एक कुपी राहते. आत शंभर मायक्रोलिटर द्रव, म्हणजे जेमतेम दोन थेंब. तिच्या किमतीचा विषय निघाला की सर खिडकीबाहेर बघू लागतात. ही फॉस्फो-एकेटीची अँटिबॉडी. एकेटी हा पेशीतला एक कायनेझ. इन्शुलिनचा सांगावा आला की तो जागा होतो आणि दिसेल त्या प्रथिनावर फॉस्फेट चिकटवत सुटतो. तो स्वतः जागा आहे की नाही, हे त्याच्या अंगावरच्या फॉस्फेटवरून ओळखायचं. त्याच्या साखळीत ४८० अमिनो आम्लं. त्यांतल्या ४७३व्या सेरिनवर फॉस्फेट असेल तरच ही अँटिबॉडी त्याला शिवणार. एकेटीचं वजन सुमारे ५६ हजार डाल्टन, फॉस्फेटची भर ८० डाल्टनची. त्या ८० साठी या अँटिबॉडीबाई ५६ हजारांकडे ढुंकून बघत नाहीत.

हे घराण्याचे संस्कार आहेत. सशाला फॉस्फेट लावलेला पेप्टाइडचा तुकडा टोचतात. त्याच्या रक्तात हरतऱ्हेच्या अँटिबॉडी तयार होतात. मग ते सीरम बिनफॉस्फेटच्या पेप्टाइडवरून गाळतात आणि तिथे जी चिकटली तिला घरी पाठवतात.

इतकं कडक सोवळं मी आजीनंतर इथेच पाहिलं. पेशी फोडल्या की सगळं बर्फात, कारण फॉस्फेट खुडून टाकणारे फॉस्फटेझ एन्झाइम टपूनच असतात. त्यांच्या बंदोबस्ताला सोडियम फ्लोराइड आणि ऑर्थोव्हॅनाडेट. ऑर्थोव्हॅनाडेट तर पिवळेपणा जाईपर्यंत उकळावं लागतं; त्या वेळी लॅबमध्ये बोललेलंही सरांना खपत नाही. धुण्यासाठी फॉस्फेटचा बफर ओवळा, ट्रिसचा सोवळा.

खरी मौज दुधाची. वेस्टर्न ब्लॉट म्हणजे पडद्यावरचं प्रथिन अँटिबॉडीने हुडकायचं आणि ते पट्ट्याच्या रूपात बघायचं. त्यात प्रथिनं पडद्यावर उतरवली की उरलेली मोकळी जागा बुजवावी लागते, नाहीतर अँटिबॉडी जागा मिळेल तिथे बसते. त्यासाठी किराणा दुकानातली साय काढलेली दूध पावडर झकास चालते. पण फॉस्फोवाल्या बाईंना दूध वर्ज्य! दुधातल्या केसीनच्या अंगावरच फॉस्फेट असतात. बाई फसल्या तर पडदा काळाकुट्ट. आजी प्रवासाला निघताना दुधात भिजवलेल्या दशम्या बांधून घ्यायची, कारण दुधाला विटाळ नाही. इथे दूध ओवळं, आणि सोवळं काय, तर गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन! बरं झालं, हे ऐकायला आजी नाही.

सोवळं म्हटलं की पळवाटही आली. आमच्या शेजारच्या लॅबमध्ये पडदा आधी दुधातच बुडवतात आणि अँटिबॉडी तेवढी अल्ब्युमिनमध्ये घालतात. त्यांचे पट्टे स्वच्छ येतात. दूध चालवून घेणाऱ्या फॉस्फो-अँटिबॉडी पुष्कळ आहेत. तरी आमच्याकडे त्या लॅबचं नाव निघालं की सगळे नाक मुरडतात. आमच्याकडची पळवाट वेगळी: वापरलेली अँटिबॉडी ओतून देत नाहीत. ती नळीत भरून, ‘हात लावू नये’ अशी चिठ्ठी डकवून पुन्हा पुन्हा वापरतात. तीर्थाला संख्येची मर्यादा नसते.

एक गोष्ट मात्र आजीकडे नव्हती. पडद्याची एक पट्टी आम्ही मुद्दाम फॉस्फटेझमध्ये बुडवतो. फॉस्फेट गेलं की पट्टाही गेला पाहिजे. नाही गेला, तर बाईंचं सोवळं निव्वळ दिखाऊ.

लॅबमध्ये नवी आलेली मुलगी चौकस आहे. “ताई, दूध खरंच चालत नाही का? आपण कधी करून पाहिलंय?” मी सवयीने “प्रोटोकॉल आहे” म्हणाले आणि तिला फिशर आणि क्रेब्ज यांची कथा ऐकवली. १९५०च्या दशकात सिएटलमध्ये हे दोघं सशाच्या स्नायूतलं फॉस्फोरिलेझ हे एन्झाइम काढत होते. कोरी या शास्त्रज्ञ दांपत्याच्या मूळ कृतीत स्नायूचा अर्क फिल्टर पेपरमधून गाळायचा होता. यांनी ती पायरी गाळली, सेंट्रिफ्यूज वापरला आणि हाती आलं झोपलेलं फॉस्फोरिलेझ! शोध घेतला तेव्हा कळलं की जादू कागदातल्या कॅल्शियमची. त्यानेच अर्कातली फॉस्फेट चिकटवण्याची क्रिया सुरू होत होती. फॉस्फेट लावलं की एन्झाइम जागं, काढलं की झोपलेलं, हे या दोघांनी दाखवलं आणि १९९२ साली दोघांना नोबेल मिळालं.

“तेव्हा बाई गं,” मी समारोप केला, “कागद उगाच आहे असं समजू नये.”

ती विचारात पडली. म्हणाली, “पण ताई, त्यांनी कागद सोडला म्हणूनच तर कळलं ना?”

मी सरांकडे पाहिलं. सर खिडकीबाहेर बघत होते. दुसऱ्या दिवशी मी किराणा दुकानातून दूध पावडरचं पाकीट आणलं आणि बिल तिच्या नावाने लावलं.