मंडईच्या रात्री नाटक कसे पाहावे

पत्रिकेवर ‘रात्री ठीक ९ वाजता’ छापलेलं असेल तर घरून साडेदहाला निघावं. त्याआधी पोचणारा एक तर मंडपवाला असतो, नाही तर नवा जावई. बालाघाट जिल्ह्यात, विशेषतः लांजी-किरणापूरच्या अंगाला, दिवाळी सरली की गावोगावी मंडई भरते. दिवसा शिंगाडे, ऊस आणि सोयरिकीच्या गोष्टी. रात्री दंडार हे लोकनाट्य किंवा नाटक. सोयरीक दिवसाच उरकून घ्यावी, रात्री माईकपुढे कुणाचं काही ऐकू येत नाही.

बसायला खाली धानाची तणस असते, वर आपली बोरी टाकावी. खुर्ची मिळाली तर वर्गणीची पावती मागून येतेच आहे असं समजावं.

भाषेची चिंता नको. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. नाटकाला हे कुणी कळवलंच नाही. निवेदन हिंदीत, संवाद मराठीत आणि मागच्या रांगेतली समीक्षा पोवारी बोलीत, अशी इथली वाटणी आहे.

खरी कसोटी गाण्यांची. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतल’ रंगमंचावर आणलं, तेव्हापासून मराठी पात्राला न गाता दुःखी होता येईना. पुढे बोलपट आला, शहरातल्या संगीत नाटक मंडळ्या बसल्या. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भ आणि त्याला लागून असलेल्या आमच्या या भागात, मात्र पेटी आणि तबला अजून रंगमंचाशेजारी ठाण मांडून आहेत. गावचा किराणा दुकानदार जुनं नाट्यपद लावतो. तान वर गेली आणि तिथून उतरायची वाट सापडेना, तरी ‘वन्स मोअर’ द्यावा. उधारी त्याच्याकडेच आहे.

भर प्रसंगात बक्षिसं पुकारली जातात. नायकाचा बाप शेवटचा श्वास घेत असताना कुणा भाऊंकडून एक्कावन्न रुपये जाहीर झाले, तर बापाने उठून नमस्कार करावा आणि पुन्हा आडवं व्हावं, हा शिष्टाचार आहे. प्रेक्षकाने घाई करू नये. मरायला अख्खी रात्र पडलेली आहे. प्रॉम्प्टरचा आवाज नटाच्या आधी तुमच्यापर्यंत पोचेल. प्रत्येक वाक्य दोनदा ऐकायला मिळतं, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

पैसेवाली मंडळं वडशाहून, म्हणजे देसाईगंजहून, नाटक कंपनी आणतात. झाडीपट्टीच्या रंगभूमीला हसण्याआधी एवढं ठाऊक असावं, की तिचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री जाहीर झाली. तरी निवड करायची झाली तर मी घरच्या पोरांचं हौशी नाटकच पाहीन. कंपनीचा खलनायक सकाळी गाडीत बसून जातो. गावचा खलनायक आठवडाभर शिव्या खातो, आणि त्याला त्याचा फार आनंद असतो.

पहाटे यजमान ‘कसं वाटलं?’ विचारतील. उत्तराआधी त्यांचा पुतण्या कोणत्या भूमिकेत होता ते विचारून घ्यावं. रजेचा अर्ज आदल्या दिवशीच टाकावा आणि त्यात ‘तब्येत बरी नाही’ असं मुळीच लिहू नये. साहेब पुढच्या खुर्चीवर बसलेले असतात.